किरणांचा डोस : किती, कुठे आणि किती वेळात?

प्रश्न : बाबांना रेडिओथेरपीत एकूण 60 ग्रे द्यायचं ठरलं आहे. 4 ग्रेनेही माणूस दगावू शकतो असं वाचलं आणि झोपच उडाली. खरं काय?

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या प्रसंगांचे. 4 ग्रे हा सर्वांगावर एकदम पडलेला डोस. तो बसलेल्या आणि उपचार न मिळालेल्या माणसांपैकी साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. एक ग्रे म्हणजे शरीराच्या एका किलोत एक जूल ऊर्जा शोषली जाणं. 4 ग्रेने अंगाचं तापमान जेमतेम एक सहस्रांश अंशाने वाढतं, म्हणजे भाजण्याचा प्रश्नच नाही. इजा होते ती पेशींमधल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटल्याने. अस्थिमज्जेतल्या पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे सर्वात आधी त्याच मरतात. नव्या रक्तपेशी बनत नाहीत, जुन्या आपलं आयुष्य संपवून जातात आणि दोन-चार आठवड्यांत पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तळाला जातात. मग जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. पहिल्या दिवशीच्या उलट्या थांबल्या की रुग्ण बरा दिसतो; त्यावर विसंबू नये. पहिल्या 48 तासांत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती वेगाने घटतात, हे पुन्हापुन्हा रक्त तपासून पाहिलं जातं. डोसचा अंदाज त्यावरून येतो.

बाबांचे 60 ग्रे मात्र गाठीपुरतेच, रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस असे सहा आठवडे. दोन बैठकांमधल्या वेळात निरोगी पेशी बरीचशी दुरुस्ती करून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ती तितकी जमत नाही. केस जातील ते किरणं जिथून जातात तिथलेच. कातडी लाल होईल तीही तेवढ्याच भागात. त्वचेवर खुणा केल्या असतील तर घासून काढू नका. बैठक चुकली तर त्याच दिवशी विभागाला कळवा, कारण लांबलेल्या खंडात गाठ पुन्हा वाढू लागते.

प्रश्न : पोटाचं सीटी स्कॅन सांगितलं आहे. त्याने कॅन्सर होईल का?

उत्तर : पोटाच्या एका सीटीत साधारण 10 मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस शरीराला असलेल्या धोक्याच्या हिशेबात मोजायचं एकक) मिळतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे हा चार वर्षांचा हिशेब झाला. वर सांगितलेल्या इजा ठरावीक पातळी ओलांडल्याशिवाय होत नाहीत. कॅन्सरचं तसं नाही : डोससोबत त्याची शक्यता वाढते, तीव्रता नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या बचावलेल्यांवर 1950 पासून ठेवलेली नोंद हा या हिशेबाचा मुख्य आधार. एका सीव्हर्टला, म्हणजे हजार मिलिसीव्हर्टला, कॅन्सरची जादा शक्यता सुमारे 5 टक्के धरली, तर 10 मिलिसीव्हर्टला ती दोन हजारांत एक. त्या दोन हजारांपैकी चारशेच्या आसपास लोकांना आयुष्यात कधीतरी कॅन्सर होणारच असतो. 100 मिलिसीव्हर्टखालची वाढ इतकी बारीक की ती थेट मोजता येत नाही. सावधगिरी म्हणून मोठ्या डोसचं प्रमाण तसंच लहान डोसलाही लावलं आहे. तेव्हा आजाराचं निदान अडत असेल तर सीटी टाळू नका. पण आधीचं स्कॅन असेल तर सोबत न्या आणि सोनोग्राफीने भागेल का, हे जरूर विचारा. मुलांना धोका जास्त, म्हणून त्यांच्यासाठी मशीनचं सेटिंग वजनानुसार कमी केलंय ना, हेही.

प्रश्न : दिवस गेल्याचं कळण्याआधी छातीचा एक्स-रे काढला. गर्भ पाडावा लागेल का?

उत्तर : अजिबात नाही. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत 0.01 मिलिग्रेही पोहोचत नाही. काळजीची पातळी 100 मिलिग्रेच्या आसपास आहे, म्हणजे दहा हजार पटींनी वर. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात गर्भाचा मेंदू सर्वात नाजूक असतो, पण तेव्हाही हा एक्स-रे नगण्यच.

प्रश्न : आईला थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिलं आहे. घरात दोन वर्षांचं मूल आहे. एक्स-रेसारखंच समजायचं का?

उत्तर : नाही. एक्स-रे मशीन बंद झालं की किरणं संपली, अंगात काही उरत नाही. इथे आई स्वतःच काही दिवस किरणांचा स्रोत असते. आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं, शिवाय पहिल्या दोन दिवसांत बरंचसं लघवीवाटे जातं. म्हणून त्यांना भरपूर पाणी द्या. लघवी बसूनच, दोनदा फ्लश, मग साबणाने हात. टॉवेल, ताटवाटी, अंथरूण वेगळं. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाईवर येतो, पण मूल मांडीवर बसलं तर अंतरच राहत नाही. किती दिवस दूर ठेवायचं हे दिलेल्या डोसवर ठरतं. रुग्णालयाच्या कागदावर तो आकडा लिहिलेला असतो, तोच पाळा.