वाचकांचे प्रश्न : तरुण आमदार परत उभा राहतोय, काय बघून ठरवायचं?

प्रश्न : आमचे आमदार पस्तिशीच्या आतले आहेत, मागच्या वेळी पहिल्यांदाच निवडून आले, घरात आधीपासून राजकारण आहे. आता परत उभे राहतायत आणि पत्रकात एमआयडीसी, पाणी, रस्ते, अभ्यासिका असं बरंच काही दिलंय. मागच्या वेळी तरुण आहे म्हणून मत दिलं होतं, यावेळी नेमकं काय तपासू?

उत्तर : पहिल्या वेळी तरुण म्हणून मत दिलंत त्यात काही वावगं नाही, तेव्हा बघायला दुसरं फारसं नव्हतंच. आता पाच वर्षांचं काम समोर आहे, त्यामुळे वय आणि आडनाव दोन्ही जरा बाजूला ठेवा. 25 पूर्ण झाली की विधानसभा लढवता येते, आणि आर. आर. आबांचे चिरंजीव रोहित पाटील 2024 ला तासगाव-कवठेमहांकाळमधून त्याच वयात आमदार झाले. घराण्यामुळे पहिलं तिकीट सोपं जातं हे खरंय, पण दुसऱ्या वेळी लोक हिशोब मागतातच. विलासराव देशमुखांचे चिरंजीव धीरज देशमुख 2019 ला लातूर ग्रामीणमधून लाखाच्या वर मतांनी आले, 'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय दुसऱ्या नंबरवर होता, आणि 2024 ला तेच पडले. शरद पवारांच्या घरातल्या रोहित पवारांचं कर्जत-जामखेडचं 43 हजारांचं लीड पाच वर्षांत 1,243 वर आलं, समोर दोन्ही वेळा राम शिंदेच होते.

आता पार्श्वभूमी. अर्जासोबत जे शपथपत्र भरतात ते निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही बघता येतं. मागचं आणि आत्ताचं दोन्ही डाउनलोड करा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा, मालमत्ता किती वाढली, कर्ज किती, उत्पन्नाचा सोर्स काय दाखवलाय, गुन्हे असतील तर कसले, कारण आंदोलनात लागलेला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापात मोजायचे नसतात. पत्नीची किंवा पतीची मालमत्ताही त्यातच असते, ते पान बरेच जण बघतच नाहीत!

आणि प्राधान्यक्रमाचं म्हणाल तर माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पत्रकातल्या प्रत्येक कामापुढे लिहा, हे कुणाच्या हातात आहे? अभ्यासिका, सभामंडप, गावातला छोटा रस्ता हे आमदार निधीतून होतं. एमआयडीसी मात्र एकटा आमदार आणू शकत नाही, त्याला उद्योग विभागाची अधिसूचना लागते, भूसंपादन लागतं. 2023 च्या पावसाळी अधिवेशनात रोहित पवार मतदारसंघातल्या एमआयडीसीसाठी विधानभवनाच्या आवारात भर पावसात आंदोलनाला बसले होते, म्हणजे आमदाराची इच्छा असूनही काम सरकारकडे अडतं, त्यात आमदार विरोधी बाकावर असेल तर आणखीच. म्हणून "एमआयडीसी आणली का" एवढंच विचारून थांबू नका, त्यासाठी सभागृहात काय केलं ते विचारा. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) टाकला का, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावली का, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, त्या उत्तराचा पाठपुरावा केला का. हे सगळं कामकाजाच्या नोंदीत असतं, आणि ज्याने खरंच केलंय तो आमदार तुम्हाला तारखेसकट सांगेल. पाण्याच्या योजनेचंही तसंच, मंजुरी मिळाली, टेंडर निघालं, काम सुरू झालं आणि नळाला पाणी आलं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, पण बॅनरवर पहिलीच चौथीसारखी छापलेली असते.

लग्नाला येतो, दहाव्याला येतो, फोन उचलतो हेही लोक बघतात आणि बघावंच, अडीनडीला माणूस भेटला पाहिजे. पण कायदे करायला आणि बजेटवर बोलायला आपण त्याला पाठवलंय, ते काम तुमच्या सरपंचाला किंवा झेडपी सदस्याला करता येणार नाही.

प्रचाराला ते गावात येतील तेव्हा एकच प्रश्न विचारा, मागच्या पत्रकातलं कुठलं काम झालं नाही आणि का? उत्तर सरळ मिळालं तर नवीन पत्रक घरी नेऊन नीट वाचा.