‘एवढं शिकून कान साफ करणार का?’

प्रश्न : मी लातूरची. सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या ईएनटीची (कान-नाक-घसा) चार आठवड्यांची पोस्टिंग, म्हणजे त्या विभागातलं प्रत्यक्ष शिक्षण, चालू आहे आणि ती मला मनापासून आवडतेय. बॅचमधले म्हणतात, ‘शॉर्ट सब्जेक्ट आहे, परीक्षेच्या आधी आठवड्यात होतो.’ बाबा म्हणाले, ‘एवढं शिकून कान साफ करणार का?’ ईएनटीत पीजी करायचं आत्ताच ठरवू का? धाकट्या भावाला नीटमध्ये मार्क कमी पडलेत, त्याला या क्षेत्रात काही करता येईल का?

उत्तर : बाबांना सांग, हो, कान साफ करावे लागतात, तेही रोज. मळाचा खडा निघाल्यावर समोरच्या आजोबांना सुनेचं बोलणं पुन्हा ऐकू येऊ लागतं. (त्याबद्दल सगळेच आजोबा आभार मानतात असं नाही.) मी स्वतः ईएनटीवाला आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

ब्रँच आत्ता ठरवू नकोस. पोस्टिंग मात्र आठवड्यात उरकायची गोष्ट समजू नकोस. उद्या बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसशील तेव्हा पावसाळ्यात कानात बुरशी झालेले, उन्हाळ्यात घोळणा फुटलेले आणि बारा महिने सर्दी-टॉन्सिलचे पेशंट तुझ्यासमोर असतील. बहुतेकांना साध्या औषधांनी बरं वाटेल. अडचण होते ती त्याच रांगेत, तीच तक्रार घेऊन बसलेल्या वेगळ्या पेशंटची.

कान वाहण्याचंच घे. एका पोराचा कान सर्दी झाली की भरभरून वाहतो, स्राव चिकट असतो, वास नसतो, पडद्याला मधोमध भोक असतं. याला पुस्तकात ‘सेफ’ म्हणतात. दुसऱ्याचा कान जेमतेम ओला असतो, पण आई म्हणते, ‘डॉक्टर, घाण वास येतो.’ हा थोडका, वासाचा स्राव जास्त धोक्याचा. पडद्याच्या वरच्या टोकाला, अ‍ॅटिकमध्ये, कोलेस्टेटोमा, म्हणजे मृत कातडीचा वाढत जाणारा गोळा, असू शकतो. तो हाड खात जातो. त्यातून चेहरा वाकडा होतो, क्वचित मेंदूत गळू होतो. त्याला नुसते ड्रॉप देऊन पाठवणं ही चूकच. वरच्या टोकाला एखादी खपली दिसली तर ती मळाची समजून सोडू नकोस, रेसिडेंटला बोलाव. आणि ओटोस्कोप (कानात बघायचं दिव्याचं यंत्र) पेनसारखा धरून करंगळी पेशंटच्या गालावर टेकव, म्हणजे पोरानं मान झटकली तरी हात डोक्यासोबतच हलतो, कानाला इजा होत नाही. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्या बाळाचा खाली आणि मागे. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे विचारतातच.

दुसरी वस्तू म्हणजे 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटा. स्वतःचा विकत घे, वॉर्डातला कधीच जागेवर नसतो. त्याहून कमी हर्ट्झचा घेतलास तर पेशंट आवाजाऐवजी थरथर सांगतो. ‘सकाळपासून एका कानाला दडे बसलेत’ असं म्हणणाऱ्याच्या कपाळावर मधोमध फोर्क टेकव आणि आवाज कुठल्या कानात जास्त येतो ते विचार. दडे बसलेल्या कानात येत असेल तर मळ, पाणी, सर्दी अशी कारणं शोध. चांगल्या कानात येत असेल तर सावध हो, कारण मग बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असू शकतो. अचानक आलेला असा बहिरेपणा ही इमर्जन्सी आहे. स्टेरॉइड जितक्या लवकर, पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होईल तितकी कान परतण्याची आशा जास्त. सर्दीच्या गोळ्यांवर महिना काढून आलेला असा पेशंट पाहिला की जीव हळहळतो.

नाकाचं थोडक्यात. घोळणा फुटला की डोकं मागे टाकून कांदा हुंगवतात. तू पेशंटला पुढे वाकवून बसव आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धर. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं धरूनच चाल. ती बटण बॅटरी असेल तर काही तासांत आतलं मांस जळतं, तिथे उद्यावर ढकलायचं नाही. आणि तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर स्वरयंत्र पाहिल्याशिवाय सोडायचं नाही.

आता पीजीचं. एमएस ईएनटी तीन वर्षांचं. रेडिओलॉजी किंवा मेडिसिनच्या तुलनेत सीट सहसा उशिरा भरते, म्हणून काही जण नाइलाजानं येतात आणि तीन वर्षं कुढत काढतात. ‘आरामाची ब्रँच’ म्हणून येणारेही फसतात. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट आले तेव्हा ईएनटीची ऑपरेशन थिएटरं किती राबली ते तुझ्या कॉलेजातल्या सीनियर्सना विचार. श्वास अडकलेल्याची ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र, रात्री दोनलाही करावी लागते.

आवड खरी आहे का ते ओपीडीत कळत नाही. एखादी मास्टॉइडची (कानामागच्या हाडाची) सर्जरी मॉनिटरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ. दोन-तीन तास ड्रिल चालतं आणि चेहऱ्याची नस अगदी शेजारी असते. मन रमलं तर ईएनटी पसंतीक्रमात वर ठेव, कंटाळा आलाच तर तेही इंटर्नशिपच्या आत कळलेलं बरं. पैशाचं विचारशील तर चालतं ठीक, पण सुरुवात महाग पडते. मायक्रोस्कोप, एंडोस्कोप, ऑडिओमेट्रीची (ऐकण्याच्या तपासणीची) खोली, सगळं उभं करावं लागतं. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ वेळेवर मिळतो का, हेही आधी बघावं लागतं. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या हॉस्पिटलात काम करणं शहाणपणाचं.

भावासाठी बीएएसएलपी आहे, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीची चार वर्षांची पदवी, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. नवजात बाळांची श्रवणतपासणी, श्रवणयंत्रं, कॉक्लिअर इम्प्लांटनंतरची (आतल्या कानात यंत्र बसवल्यानंतरची) थेरपी, तोतरेपणा, पक्षाघातानंतर गेलेली वाचा हे त्यांचं काम. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे, आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तर या विषयात नावाजलेली. दोन्हींच्या प्रवेशाच्या अटी त्यांच्या वेबसाइटवर त्यानं स्वतः वाचाव्यात. अर्ज भरण्याआधी एखाद्या स्पीच थेरपिस्टकडे दोन दिवस नुसतं बसू दे. एकच अक्षर शंभर वेळा म्हणून घ्यायची चिकाटी नसेल तर ‘डॉक्टर नाही तर हे’ एवढ्यासाठी हा कोर्स घेऊ नये.