संगणक तिकडे, कीबोर्ड इकडे

प्रश्न: रिमोट डेस्कटॉपचे सॉफ्टवेअर असताना, संगणकाजवळ ट्रान्समीटर आणि आपल्या टेबलावर रिसीव्हर ठेवून नेटवर्कवरून संगणक चालवणारी जोडी कशाला घ्यायची?

उत्तर: अधूनमधून फायली उघडण्यापुरते काम असेल तर घेऊच नका. पण सॉफ्टवेअर चालायला आधी विंडोज किंवा लिनक्स धड सुरू व्हावी लागते. संगणक निळ्या पडद्यावर अडकला किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदलायचे असले, की ते निकामी. ट्रान्समीटर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून बाहेर पडणारे चित्रच उचलतो आणि यूएसबीवर कीबोर्ड-माउस असल्याचे भासवतो. संगणकात काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. कंट्रोल रूममध्ये म्हणूनच ही जोडी लागते.

प्रश्न: आमचा नेटवर्क स्विच गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला 1 गिगाबिट नेणारा आहे. 4के चित्र जाईल का?

उत्तर: जाईल, पण दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून. हिशेब करा: 1920 गुणिले 1080 पिक्सेल, प्रत्येकी 24 बिट, सेकंदाला 60 फ्रेम. फुल एचडीलाच जवळपास 3 गिगाबिट लागतात. 4केला चौपट, म्हणजे 12. तेव्हा 10 गिगाबिटचा स्विच आणला तरी थोडे कॉम्प्रेशन आलेच. त्याला घाबरू नका, मात्र ते कसे केले आहे ते पाहा. काही उपकरणे रंगाची माहिती कापून जागा वाचवतात. व्हिडिओत ते कळत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरे फुटतात. विक्रेते डेमोला डोंगर-दऱ्या दाखवतात. तुम्ही तुमची स्प्रेडशीट लावायला सांगा आणि माउस गोल-गोल फिरवून पाहा. 60 हर्ट्झला एक फ्रेम सुमारे 17 मिलिसेकंदांची असते. एक-दोन फ्रेमचा उशीर टायपिंगला चालतो, ड्रॉइंगला खुपतो.

प्रश्न: एकाच संगणकाचे चित्र आठ रिसीव्हरवर दाखवू लागल्यापासून ऑफिसचे सगळे नेटवर्क रखडते. उपकरण सदोष आहे का?

उत्तर: बहुधा स्विचची सेटिंग चुकली आहे. अशा वेळी चित्र मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रवाह अनेकांना, असे जाते. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टला चित्र हवे ते ओळखण्याची सोय) बंद असेल, तर तो ते प्रत्येक पोर्टवर ओततो, अगदी प्रिंटरच्यासुद्धा. स्नूपिंग चालू करा आणि नेटवर्कमध्ये एक क्वेरिअर (चित्र अजून कोणाला हवे ते ठराविक वेळाने विचारणारे उपकरण) नेमा. क्वेरिअर राहून गेला, की चित्र काही मिनिटे चालून गायब होते आणि लोक उगाच केबल बदलत बसतात. या उपकरणांना वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचे स्वतंत्र नेटवर्क, दिलेले उत्तम.

प्रश्न: सर्व्हर शेजारच्या इमारतीत, 180 मीटरवर आहे.

उत्तर: फायबर टाका. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर, शिवाय दोन इमारतींमध्ये तांबे ताणले की विजांचा धोका वेगळाच.

प्रश्न: रिसीव्हर घरी नेऊन इंटरनेटवरून जोडला तर?

उत्तर: उत्पादकाने तशी सोय दिली असेल तरच, आणि तेही व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी जोडणीतून). राउटरवर पोर्ट उघडून ट्रान्समीटर थेट बाहेर ठेवू नका. तो ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या कीबोर्डसमोर बसल्यासारखाच. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.