यूएसबी डिव्हाइस लावलं की कॉम्प्युटर स्लीपमध्ये जात नाही, नेमकं कुठे बघायचं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलेलं असं: निपाणीत पहाणी उतारे, जात-उत्पन्नाचे दाखले, ऑनलाइन अर्ज असं काम करून द्यायचं दुकान. विंडोज १० चा डेस्कटॉप, त्याला माइकवाला यूएसबी हेडफोन, अंगठ्याचं मशीन, प्रिंटर आणि माउस. २० मिनिटांनी स्लीपला जायला हवा तो पीसी रात्रभर चालूच राहतो. सगळ्या यूएसबी वायरी काढल्या की मात्र बिनतक्रार झोपतो. आणि कुणीतरी सांगितलंय की मदरबोर्ड बदलावा लागेल.

मदरबोर्ड अजिबात बदलू नका. वायरी काढल्यावर तो झोपतो आणि उठतोही, म्हणजे बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय आपलं काम चोख करतायत. मी बेळगावात शहापूर भागात दुरुस्तीचं काम करतो. खानापूर, चंदगडकडचे दुकानदार हीच तक्रार घेऊन येतात, आणि नको तिथे पैसे घालून बसलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक चाचणी करा. सगळं लावलेलं असताना स्टार्ट मेनूतून स्वतः स्लीप द्या. पीसी नीट झोपला आणि झोपूनच राहिला, तर कुणीतरी विंडोजला ‘मी कामात आहे’ असं सांगत राहतंय म्हणून तो आपणहून झोपत नाही. झोपून लगेच उठला, तर कुणीतरी त्याला उठवतंय. आणि स्क्रीन काळी झाली पण पंखा फिरतच राहिला, तर एखादा ड्रायव्हर, म्हणजे डिव्हाइस चालवणारा छोटा प्रोग्राम, अडकलाय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे ही चाचणी चुकवू नका. एक्सपीच्या काळात प्रोग्राम आणि ड्रायव्हर स्लीपला चक्क नकार देऊ शकत होते. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून तो अधिकार काढून घेतला, तुम्ही स्लीप म्हटलं की विंडोज कुणाला विचारत बसत नाही. म्हणून तर या चाचणीतून इतकं कळतं.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो. त्यासाठी विंडोजलाच विचारायचं. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. साध्या खिडकीत ही आज्ञा चालत नाही. आपल्याकडे टास्कबारवर कन्नड, मराठी, इंग्रजी असे तिन्ही कीबोर्ड असतात, तेव्हा आधी इंग्रजीवर या. मग टाइप करा: पॉवरसीएफजी, एक स्पेस, पुढे झुकलेली तिरकी रेघ म्हणजे स्लॅश, आणि त्याला चिकटून रिक्वेस्ट्स. पॉवरसीएफजी म्हणजे ‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द आणि त्याला लागूनच सी, एफ, जी. सगळं इंग्रजी अक्षरांत.

डिस्प्ले, सिस्टीम, अवेमोड, एक्झिक्युशन अशी नावं एकाखाली एक येतील. सगळ्यांखाली ‘नन’ असेल तर कुणी अडवत नाहीये. सिस्टीमखाली काही असेल तर ते जसंच्या तसं लिहून घ्या. कंसात ‘ड्रायव्हर’, पुढे ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’सारखं नाव आणि खालच्या ओळीत ‘ॲन ऑडिओ स्ट्रीम इज करंटली इन यूज’ असं दिसलं, तर चोर सापडला: तुमचा हेडफोन. हेडफोन बिघडलेला नसतो. त्याच्यातून आवाज वाहतोय असं विंडोजला वाटत असतं आणि आवाज चालू असताना झोपायचं नाही हा त्याचा नियम आहे.

आता तो आवाज कोण चालू ठेवतंय ते बघा. यात मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली गोष्ट म्हणजे माइकची एक टिक. साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचा टॅब उघडा, माइकवर डबल क्लिक करा, ‘लिसन’ नावाच्या टॅबवर जा. तिथे ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ समोर टिक असेल तर माइकचा आवाज चोवीस तास हेडफोनकडे जात राहतो. कुणी बोलत असो वा नसो, स्ट्रीम उघडीच राहते. कधीतरी माइक चालतो का हे तपासताना ती टिक केली जाते आणि तशीच राहते. ती काढा, ओके करा आणि तीच आज्ञा पुन्हा चालवा. यादीतून नाव गेलेलं तुम्हाला तिथल्या तिथे दिसेल.

टिक नसेल तर ब्राउझर बघा. व्हिडिओ कॉलची किंवा गाण्यांची एखादी टॅब मागे उघडी राहिलेली असते. अशा वेळी यादीत ‘प्रोसेस’ म्हणून ब्राउझरचंही नाव येतं.

हे सगळं करूनही ड्रायव्हरचं नाव जात नसेल, तर विंडोजला त्याच्याकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं. पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश रिक्वेस्ट्सओव्हरराइड, स्पेस, ड्रायव्हर, स्पेस, दुहेरी अवतरणचिन्हात यादीत दिसलेलं नाव, स्पेस, सिस्टीम. नाव अक्षरशः तेच हवं, एक मोकळी जागा चुकली तरी उपयोग नाही. रद्द करायचं झालं तर तीच ओळ शेवटचा ‘सिस्टीम’ शब्द गाळून द्यायची. पण हा उपाय शेवटी करा. ओव्हरराइड केलं की खरोखर आवाज ऐकत काम करत असतानाही पीसी मध्येच झोपू शकतो.

आता समजा यादीत सगळीकडे ‘नन’ आहे, तरी तो झोपत नाही. मग माउसकडे बघा. आपल्या दुकानांत टेबलावर काच असते, खाली दरपत्रक आणि पासपोर्ट फोटोंचे नमुने सरकवलेले. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाची चित्रं घेऊन हालचाल ओळखतो, काचेवर त्याला नीट दिसत नाही आणि बाण जागच्या जागी थरथरतो. ती थरथर इतकी बारीक असते की लांबून कळत नाही, पण विंडोजच्या लेखी माणूस बसून काम करतोय आणि २० मिनिटांचं घड्याळ दर वेळी पुन्हा शून्यावर येतं. ही गोष्ट वरच्या यादीत कधीच येत नाही. माउस उलटा करून ठेवा आणि वाट बघा. झोपला तर साधं रबरी माउसपॅड घ्या, काम झालं. लावून ठेवलेला गेमचा जॉयस्टिकही असाच त्रास देतो, घरच्या पीसीवर मुलांचा असेल तर तोही तपासा.

अंगठ्याच्या मशीनबद्दल लोकांना फार शंका असते, कारण त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी ते मशीन चालवणारा प्रोग्राम, दिवसभर मागे चालू असते. निव्वळ चालू असणं म्हणजे स्लीप अडवणं नव्हे. यादीत नाव येत नसेल तर त्याला दोष देऊ नका आणि ती सर्व्हिस बंद करू नका, नाहीतर सकाळी आधारचं काम अडेल आणि दारात रांग लागेल. संशय असेलच तर फक्त तेवढं मशीन काढून एक रात्र बघा. एका वेळी एकच वायर काढायची. सगळ्या एकदम काढल्या की काहीच कळत नाही.

दुसरा प्रकार असेल, म्हणजे झोपून लगेच उठत असेल, तर पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक ही आज्ञा कुणी उठवलं ते सांगते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ची टिक काढा. कीबोर्डची ठेवा, नाहीतर उठवायला प्रत्येक वेळी पॉवर बटण दाबावं लागेल. तिसऱ्या प्रकाराला हेडफोन किंवा प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर हा पहिला उपाय.

यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा असाही सल्ला तुम्हाला मिळेल. पीसी चालू असताना रिकाम्या बसलेल्या एकट्या डिव्हाइसला झोपवणं एवढंच त्याचं काम आहे. यूएसबीच्या नियमाप्रमाणे ३ मिलिसेकंद वायरीवर काहीच हालचाल नसली की डिव्हाइसने सस्पेंडमध्ये जायचं असतं. मशीन मधूनच ‘नॉट कनेक्टेड’ होत असेल तर ते बंद करून फायदा होतो. तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही.

आणि हे सगळं करायचं कशासाठी, तर हिशोब बघा. नुसता चालू डेस्कटॉप ५० वॅट खातो असं धरलं, तर १२ तासांच्या रात्रीत ६०० वॅट-तास, महिन्याला १८ युनिट हेस्कॉमच्या बिलात. स्लीपमध्ये हेच जेमतेम दोन-चार वॅटवर येतं.

फक्त आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधीही जाते, म्हणून एक काळजी घ्या. स्लीपमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्ये असतं आणि वीज गेली की रॅम पुसली जाते. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्लीपखाली ‘अलाऊ हायब्रिड स्लीप’ चालू करा. मग झोपताना तेच काम हार्ड डिस्कवरही लिहिलं जातं आणि वीज आल्यावर अर्धवट भरलेला अर्ज जागेवर सापडतो. यूपीएसची यूएसबी वायर पीसीला जोडलेली असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजतं, तेव्हा स्लीपची वेळ ‘ऑन बॅटरी’ आणि ‘प्लग्ड इन’ दोन्हीकडे भरा.

आज दुकान बंद करण्याआधी पहिली आज्ञा चालवा आणि सिस्टीमखाली जे येईल ते प्रश्नाखाली लिहा. ‘लेगसी कर्नल कॉलर’ असं नाव आलं तर आवर्जून कळवा. त्यात ड्रायव्हर आपलं खरं नाव सांगत नाही, आणि कुठलं डिव्हाइस ते वायर काढूनच शोधावं लागतं.