वाचक विचारतात : मराठीत आहे म्हणून चांगलं म्हणायचं का?

गेल्या अंकात मी वाचकांना विनंती केली होती, की ज्या कादंबरीचं नाव चारचौघांत फारसं निघत नाही अशी एखादी वाचा आणि आवडली की नाही ते मोकळेपणानं कळवा. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून पत्रं आली. येळ्ळूरच्या एकीनं कादंबरी सोडून संगणकाच्या पुस्तकाबद्दल लिहिलं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच पत्रात गेला. बेळगावच्या शहापुरातल्या एका लहान वाचनालयाच्या टेबलामागं मी २७ वर्षं बसते आहे. पुस्तक परत करताना माणसं काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात, ते रोज बघते. तेव्हा उत्तरात आडपडदा नाही.

‘यमुनापर्यटन’ तुमच्या सांगण्यावरून घेतलं आणि निम्म्यात सोडलं. पानोपानी उपदेश. याला कादंबरी कशासाठी म्हणायचं, ताई?
– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर

बाई, उपदेशाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. बाबा पदमनजी ख्रिस्ती झालेले होते, आणि त्यांना सांगायचं इतकं होतं की अनेकदा गोष्ट तिष्ठत उभी राहते आणि लेखक बोलत सुटतो. मीसुद्धा ती पानं भराभर उलटली आहेत.

तरी मी हे पुस्तक हातात देते, त्याला कारण आहे. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला १८५६ साली, आणि ‘यमुनापर्यटन’ आलं १८५७ साली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, आणि ती लिहिणारा माणूस १८३१ साली आपल्या बेळगावात जन्मला, हे इथल्या किती मुलांना ठाऊक आहे? यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत तिला विधवा भेटत जातात, त्यांच्या हकिकती ती ऐकते. मग तिचाच नवरा जातो. आतापर्यंत जी ऐकणारी होती, ती आता त्याच रांगेत येऊन बसते. ही मांडणी ज्यानं केली त्याला गोष्ट कळत होती.

माझ्या आईची आजी अलवणातली विधवा होती. मी सात-आठ वर्षांची असताना ती गेली. डोक्यावरचा पदर ती झोपेतही सुटू देत नसे, आणि का ते आम्हा मुलींना कुणी सांगितलं नाही. केशवपनाची पानं वाचली तेव्हा मला ते कळलं. तुम्ही यमुनेच्या वैधव्यापर्यंत पोचला नसाल तर उपदेश गाळून तिथपर्यंत या. त्यानंतरही नको वाटलं, तर परत करा. माझं काही म्हणणं नाही.

महादेव मोरे यांची ‘एकोणिसावी जात’ वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी जन्मभर लॉरी चालवली. ते म्हणाले, ‘ह्यात काय हाय? हे तर आमचं रोजचंच की.’ मला मात्र फार आवडली. खरं कुणाचं?
– एक वाचक, निपाणी

दोघांचं. पण मला तुमच्या वडिलांचं जास्त मोलाचं वाटतं. मोरे तुमच्याच गावचे. पिठाची गिरणी चालवत त्यांनी ड्रायव्हर, मेकॅनिक, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका यांच्यावर जन्मभर लिहिलं. २०२४ साली ते गेले. त्यांची पुस्तकं आमच्या कपाटात आहेत, पण पुढल्या रांगेतल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या गर्दीत ती मागं पडली. यात माझाही दोष आहे, कारण कपाट मीच लावते.

ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस ‘रोजचंच की’ म्हणतो, म्हणजे लेखकानं खोटं काही घुसडलेलं नाही. पुण्याच्या समीक्षकाला ही परीक्षा घेताच येत नाही. माझी एक विनंती आहे. पुन्हा वाचून दाखवाल तेव्हा वडिलांना विचारा, ‘कुठं चुकलंय?’ गाडी घाटात कशी धरली, क्लीनरशी मालक कसा बोलला, पोलिसाला काय दिलं, असल्या जागी थांबा आणि विचारा. ते जे सांगतील ते वहीत उतरवून मला पाठवा.

‘टारफुला’ एका बैठकीत संपवली. असं पुस्तक दहा वर्षांत वाचलं नव्हतं. – एक शेतकरी, चिकोडी तालुका

‘टारफुला’ वीस पानांवर ठेवून दिली. भाषा झेपली नाही. – एक वाचक, टिळकवाडी

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. शंकर पाटलांची ही कादंबरी १९६४ सालची. गावचा पाटील मरतो आणि त्याच्या धाकानं जे दबून होतं ते सगळं वर येतं. त्यात भाषा आहे ती कोल्हापूरकडची. चिकोडीच्या माणसाला ती घरची वाटणारच. टिळकवाडीच्या वाचकांनी पहिली वीस पानं मोठ्यानं वाचून बघावीत. डोळ्याला अडणारे शब्द कानाला बऱ्याचदा कळतात.

‘सावित्री’ कादंबरीत नुसती सावित्रीचीच पत्रं आहेत. समोरच्याची उत्तरं कुठं आहेत? अर्धं पुस्तक हरवल्यासारखं वाटलं. – बी.ए.ची विद्यार्थिनी, बेळगाव

पु. शि. रेग्यांनी १९६२ साली ती तशीच लिहिली, उत्तरं मुद्दामच दिली नाहीत. तुला ते हरवलेलं जाणवलं म्हणजे तू नीट वाचलीस. मला स्वतःला सावित्री थोडी जास्तच शहाणी वाटते. तिनं एकदा तरी चिडून पत्र लिहायला हवं होतं.

मी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात होते. आता डिप्लोमाला आहे, सगळं इंग्रजीत. म्हणून तुमच्या वाचनालयातून पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवणारं मराठी पुस्तक नेलं. पहिल्या धड्यापासून काहीच चालेना. वाटलं, माझंच डोकं कमी. बाबा म्हणतात, ‘इथं मराठी कशीबशी टिकली आहे, कुणी मराठीत पुस्तक काढलं तर त्याला नावं ठेवू नयेत.’ मी तक्रार करू की नको?
– एक विद्यार्थिनी, येळ्ळूर

बाळ, पत्र वाचून मी तुला निरोप धाडला आणि तू शनिवारी आलीस. आपण दोघी वाचनालयाच्या संगणकापुढं बसलो. तिथं जे झालं ते वाचकांसाठी लिहिते, कारण असं पुस्तक अनेकांच्या घरी असेल.

पहिल्या धड्यात पडद्यावर ‘नमस्कार’ उमटवायचं होतं. पुस्तकात प्रिंट या शब्दापुढं कंस नाही, थेट अवतरणचिन्ह. आपण तसंच टंकलं, एरर आली. कंस घातला आणि नमस्कार उमटला. मग पुस्तकात सातला दोनानं भागून उत्तर तीन दिलेलं. संगणकानं साडेतीन दाखवलं. तू कागदावर भागाकार करून बघितलास आणि माझ्याकडे बघितलंस. तुझा भागाकार बरोबर होता. नाव विचारून घ्यायच्या धड्यात रॉ-इनपुट लिहिलेलं, तेही चाललं नाही; नुसतं इनपुट लिहिल्यावर चाललं.

हे तिन्ही घोटाळे एकाच कारणानं झाले. पुस्तकातला मजकूर पायथनच्या दुसऱ्या पिढीचा आहे. तिसरी पिढी २००८ सालीच आली, आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून कायमची थांबली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र ‘नवी आवृत्ती’ छापलंय, आत साल २०२२. नवं काय केलं, तर मुखपृष्ठ बदललं.

आणि दोन चुका जुनेपणाच्या नाहीत, निव्वळ हयगयीच्या आहेत. पायथनमध्ये ‘जर’च्या, म्हणजे इफच्या, ओळीखालच्या ओळी मोकळ्या जागा (सहसा चार) सोडून आत घ्याव्या लागतात, त्यावरूनच कुठली ओळ कशाखाली ते संगणकाला कळतं. छापताना सगळ्या ओळी डावीकडे चिकटवून टाकल्यात. ‘जर’चं एकही उदाहरण जसंच्या तसं चालणार नाही. दुसरं, प्रोग्रॅममधले आकडे मराठीत छापलेत. प्रोग्रॅमच्या ओळीत ३५ असं मराठीत लिहिलं की एरर येते, तिथं इंग्रजी आकडेच लागतात.

खरं वाईट मला पुढं वाटलं. तू सहज म्हणून चलाला, म्हणजे किंमत साठवायच्या डब्याला, मराठीत नाव दिलंस, ‘गुण’. आणि ते चाललं! मग इनपुटमध्ये मराठी कळफलकावरून ३५ टंकून त्याचा पूर्णांक केलास, तेही चाललं. पायथनच्या तिसऱ्या पिढीत चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं, दुसरीत येत नव्हतं. म्हणजे मराठी मुलांना जी एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती या मराठी पुस्तकात नाहीच. ते तू स्वतः शोधलंस. ज्या मुलीनं डोकं कमी म्हणून लिहिलं, तिनं.

पुस्तकात चांगलं काही नाही असं नाही. शाळेच्या गणितातला ‘चल’ हा शब्द लेखकानं कायम ठेवला, ते मला आवडलं. डब्यावरच्या चिठ्ठीचं उदाहरणही छान आहे: हळदीची चिठ्ठी असलेल्या डब्यात तिखट भरलं तरी चिठ्ठी हळदीचीच राहते, म्हणून नाव जपून द्यावं. पण पुढं लूपला, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवण्याला, ‘पाश’ म्हटलंय. कॉलेजात सगळे लूपच म्हणतात, मग हा पाश कशाला?

आता तुझ्या बाबांचं म्हणणं. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. माझे वडीलही असंच बोलायचे. आमच्या घरी १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाची आठवण सणासारखी निघायची. आजही कडोलीसारख्या गावात संमेलन भरतं आणि माणसं मांडवात दाटीवाटीनं बसतात. इतकं प्रेम असलेल्या लोकांना चुकीचं पुस्तक विकलं आणि त्यांनी गप्प बसावं? कादंबरीचं मी समजू शकते. ‘यमुनापर्यटन’ खानापूरच्या बाईंना आवडलं नाही, मला आवडलं, कुणाचं काही बिघडलं नाही. इथं सातला दोनानं भागून आलेलं उत्तर आहे. ते चुकलं की सोळा-सतरा वर्षांची मुलगी समजते, हा विषय आपल्यासाठी नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे, मराठीत हे शिकता येत नाही. दुसरी मुलगी आता थेट इंग्रजी पुस्तक मागते, आणि ते मराठी पुस्तक कपाटात धूळ खातं. गप्प बसून टिकली ती कुठली मराठी?

तेव्हा तक्रार कर. आपण दोघींनी प्रकाशकाला पत्र लिहिलंय, धडा, पान, ओळ, छापलेलं आणि हवं असलेलं, अशा पाच रकान्यांत. रागाचा एक शब्द नाही. चिठ्ठीच्या उदाहरणाचं कौतुकही घातलंय, कारण ते खरं आहे. उत्तर आलं तर याच पानावर छापीन. न आलं तर तेही छापीन. बाबांना म्हणावं, पत्र शुद्ध मराठीत आहे, एकदा वाचून बघा.

तोवर वाचनालयाची प्रत कपाटातून काढलेली नाही. तुझ्या अक्षरातली दुरुस्तीची यादी मी आतल्या पानाला खळीनं चिकटवली आहे. सहा धडे झालेत, अकरा उरलेत. पुढच्या शनिवारी तीन वाजता ये, त्या वेळी वीज असते.