कॉफीच्या खोडात तार सरकत नाही: चिखलदरा पठारावरच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

पोळा झाला, कुटकी (आपलं बारीक भरडधान्य) कापणीला आली. या आठवड्यात कॉफीबद्दल तीन प्रश्न आले. पहिल्याला जास्त जागा देतो, कारण त्याला दिवस थोडे उरलेत.

घरामागे कॉफीची पंधरा जुनी झाडं आहेत. ऊन मिळावं म्हणून उन्हाळ्यात वरच्या आंब्याच्या फांद्या छाटल्या. आता चार झाडांची पानं पिवळी पडून लोंबतात, खोडावर शिरा फुगल्यासारख्या दिसतात. संत्र्याला करतात तसं तार घालून पेट्रोलचा बोळा भरू का?

नका भरू, दादा. हा पांढरा खोडकिडा आहे. परतवाड्याकडे संत्र्याच्या बागेत तार चालते, कारण तिथली अळी बोगदा मोकळा ठेवते. कॉफीतली अळी लाकूड खात पुढे जाते आणि मागचा बोगदा भुश्श्याने गच्च ठासत जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हौसेने तार घालून पाहिली. पेराएवढीसुद्धा आत गेली नाही, आणि पेट्रोलचा वास मात्र दोन दिवस हाताला राहिला.

फुगलेल्या शिरेवर कोयत्याने साल तासा. खाली भुसा भरलेली नागमोडी वाट दिसली की खात्री झाली. अशी चारही झाडं मुळासकट उपटा, कारण अळी मुळापर्यंत उतरते, आणि त्याच आठवड्यात जाळा. सरपण म्हणून पडवीत रचून ठेवू नका. वाळक्या लाकडातूनही या अळ्यांचे भुंगेरे होऊन बाहेर पडतात आणि उरलेल्या अकरा झाडांवर जातात. भुंगेरे उडण्याचे हंगाम दोन: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे दसऱ्याची वाट पाहू नका.

राहिलेल्या झाडांचं खोड आणि जाड फांद्या गोणपाटाने चोळून सैल साल काढा, कारण मादी तिच्याच भेगांत अंडी घालते. लोखंडी ब्रश नको, हिरवी साल सोलून निघते. मग 10 लिटर पाण्यात 1 किलो चुना कालवून, त्यात थोडा डिंक घालून, खोडाला हात द्या. पावसाने धुतला तर पुन्हा द्या.

आता मूळ दुखणं. कॉफी हे इथिओपियाच्या डोंगरजंगलातलं, सावलीत वाढणारं झुडूप. खोडावर थेट ऊन पडलं की या भुंगेऱ्याला ती जागा आवडते. तुम्ही भलं करायला गेलात आणि दार उघडं टाकलंत. आंबा फुटू द्या. पुढच्या जूनमध्ये पश्चिमेच्या अंगाला पांगाऱ्याचे खुंट रोवा, ते लवकर पानावर येतात. आणि एक लक्षात असू द्या: आंबा, जांभूळ, मोहा मालकीच्या वावरातला असला तरी तोडायला 1964च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

उतारावरचं कुटकीचं एक एकर मोडून कॉफी लावावी का? पर्यटक चांगला भाव देतात म्हणतात.

कुटकी मोडू नका. ती हलक्या, मुरमाड उतारावर पावसाच्या पाण्यावर तीन-चार महिन्यांत घरात येते, आणि कॉफीचं पीक नाही आलं तरी भात तिचाच शिजतो. कॉफीचं पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं जातात. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये कळी फुलायला तिला चांगली सर लागते. कर्नाटकात, कोडगू-चिकमगळूरकडे, ती बहुतेक वर्षी आभाळातून येते. इथे तेव्हा विहिरी खडखडीत असतात, म्हणजे पाणी तुम्हालाच वाहावं लागणार. उघड्या उतारावर एकरभर झाडांना हे जमणार नाही.

हौस असेल तर घराजवळ, आंब्या-फणसाखाली, न्हाणीचं पाणी जातं तिथे दहा-वीस रोपं लावा. अरेबिका जातीचीच कॉफी घ्या, पण पठारावरच. चिखलदऱ्याची उंची 1,100 मीटरच्या आसपास आहे, म्हणून इथे ती तगते. धारणीकडच्या सखल गावांतून फोन येतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो.

गेल्या वर्षी वाळवलेल्या कॉफीला बुरशी आली, शेणाचा वास लागला. काय चुकलं?

सारवलेल्या अंगणात वाळवली, हेच. मोहफुलांना ते चालतं, कॉफी वास ओढून घेते. ताडपत्रीवर किंवा बाजेवर जाळी अंथरून पातळ पसरा, दिवसातून चार-पाचदा हलवा, आणि दिवस मावळायच्या आत गोळा करून झाका. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरचं दव पावसासारखं पडतं. हिरवी-लाल सरमिसळ तोडू नका, लालच तोडा, म्हणजे तीन-चार तोडे होतील. वाळायला दोन आठवडे धरा. मुठीत घेऊन कानाजवळ हलवा, आतलं बी खुळखुळलं की पोत्यात भरा. सुमारे सहा किलो ओल्या फळांतून एक किलो बी निघतं, तेव्हा पर्यटकाला भाव सांगताना हा हिशेब आधी करा.