गोदाम जालन्याला बांधावे की लातूरला?

प्रश्न : आम्हा दोघा भावांचे चार ट्रक आहेत. जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागून जागा घेऊन गोदाम बांधावे, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. एक परिचित मात्र लातूर सुचवतात. मराठवाड्यात या व्यवसायाला खरोखर अनुकूलता आहे काय?
– एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : अनुकूलता आहे, परंतु ती रस्त्यापेक्षा मालाच्या ये-जा करण्यात अधिक आहे. गाडीचा नफा परतीच्या भाड्यावर ठरतो, हे आपणांस सांगायला नको. जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांना भंगार लागते, त्यातील काही न्हावाशेवा बंदरातून कंटेनरने येते, आणि तयार सळई बाहेर जाते. शिवाय बियाणे आणि कापसाच्या गाठी आहेतच. दोन्ही बाजूंनी माल मिळणारी अशी गावे थोडी असतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून कंपन्यांना केवळ करासाठी प्रत्येक राज्यात गोदाम ठेवण्याचे कारण उरले नाही, त्यामुळे अशा ठिकाणांचा विचार होऊ लागला आहे.

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि जालना थेट भिवंडीजवळच्या आमण्याशी जोडले गेले. मात्र ‘महामार्गाला लागून’ या शब्दांना भुलू नये. या रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. कुंपणाला खेटलेल्या जमिनीतूनही गाडी वर नेता येत नाही. म्हणून जागेचा भाव करताना इंटरचेंजपर्यंतचे, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या ठिकाणापर्यंतचे, अंतर मोजावे.

जालन्याजवळच्या दरेगावच्या ड्रायपोर्टचे (समुद्रापासून दूर, कंटेनर हाताळण्याचे व सीमाशुल्क तपासणीचे केंद्र) भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले होते. त्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता बेतू नये. त्यातून मिळेल तो लाभ वरकड समजावा.

लातूरचे गणित निराळे आहे. तिथे सोयाबीन, तूर आणि डाळमिल यांमुळे साठवणुकीला मागणी असते, पण ती हंगामी. तिथे बांधायचेच असेल, तर गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी, कारण नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर शेतकऱ्याला मालतारण कर्ज मिळू शकते आणि त्यामुळे माल अधिक काळ गोदामात राहतो.

आपला मूळ धंदा वाहतुकीचा असल्याने आमचा कल जालन्याकडे आहे. तरीही जागेचा विसार देण्यापूर्वी गेल्या वर्षभराच्या बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या) काढून बसावे आणि आपल्या गाड्या कोणत्या गावाहून किती वेळा रिकाम्या परतल्या, ते मोजावे.